रक्ताच्या अहवालातील एक शब्द : 'कोलिनएस्टरेज'

पोळ्याच्या सुमारास जामनेर तालुक्यात पहूर, नेरी, शेंदुर्णीच्या बाजूला गेल्यास कपाशी छातीला लागलेली असते आणि तिच्या ओळींतून पाठीवर पंप घेतलेली माणसे फिरताना दिसतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पुढे बोंडअळी यांच्याविरुद्ध फवारणी करण्याचे हे दिवस. याच दिवसांत एखादा मजूर चक्कर येऊन दवाखान्यात दाखल होतो आणि त्याच्या रक्ततपासणीच्या कागदावर 'कोलिनएस्टरेज' हा शब्द उमटतो. गावात असा कागद बहुधा शिक्षकाकडे किंवा ग्रामपंचायत सदस्याकडे वाचून घेण्यासाठी येतो. त्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शब्दाची फोड केल्यास तो फारसा अवघड राहत नाही. शेवटचे 'एज' हे विकराचे चिन्ह होय. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या आणि स्वतः खर्ची न पडणाऱ्या पदार्थांना आपल्या पाठ्यपुस्तकांत 'विकर' म्हटले आहे. 1833 मध्ये फ्रान्समध्ये पाय्यां व पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून 'डायस्टेज' वेगळे केले. त्या नावाचे शेपूट पुढे विकरांच्या नावांना जोडण्याचा प्रघात पडला. 'एस्टर' हा रासायनिक संयुगांचा एक वर्ग. तेव्हा कोलिनचे एस्टर तोडणारे विकर ते कोलिनएस्टरेज. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने त्याला ही फोड व्याकरणातील समासविग्रहासारखी वाटली, एवढे नमूद करावेसे वाटते.

आता कार्य पाहू. मज्जातंतूकडून स्नायूला आज्ञा जाते ती अ‍ॅसिटिलकोलिन या द्रव्याच्या द्वारे. आज्ञा पोचताच ते द्रव्य नष्ट व्हावे लागते. अन्यथा स्नायू आखडतच राहील. ही साफसफाई कोलिनएस्टरेज करते, आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमकी या विकरालाच चिकटतात व त्याला निकामी करतात. किडा मरतो तो यामुळेच. माणसातही हेच विकर असल्याने त्वचेवाटे किंवा श्वासावाटे विष शरीरात गेले की घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे ही लक्षणे दिसतात. मृत्यू येतो तो बहुधा श्वास अडल्यामुळे.

अहवाल वाचताना मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. रक्तद्रवातील आणि तांबड्या पेशींतील अशी या विकराची दोन मोजमापे आहेत. पहिले काही आठवड्यांत भरून येते; दुसऱ्याला तीन-चार महिनेही लागू शकतात, कारण त्यासाठी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. यकृताचा विकार, कुपोषण किंवा गरोदरपण यांमुळेही रक्तद्रवातील आकडा उतरतो. शिवाय माणसागणिक मूळ पातळी निराळी असते. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा तपासणी केलेली असेल तरच नंतरच्या आकड्याला खरा अर्थ येतो. नियमित फवारणी करणाऱ्या मजुरांची अशी पूर्वतपासणी आपल्याकडे क्वचितच होते, हे खेदाने म्हणावे लागते.

उलटपक्षी, आकडा ठीक आला म्हणजे विषबाधा नाही, असेही समजू नये. पायरेथ्रॉइड किंवा निओनिकोटिनॉइड गटातील औषधे या विकराला धक्का लावत नाहीत; त्यांची बाधा या तपासणीत दिसणारच नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शासनाने विशेष चौकशी पथक नेमले. तेथे अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारली होती. कोलिनएस्टरेज तपासणीची सोय कोठे आहे आणि कोठे नाही, हा प्रश्नही तेव्हा ऐरणीवर आला.

उपचार अहवालासाठी थांबत नाहीत. लक्षणे पाहूनच डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सुरू करतात. त्यांना सर्वाधिक उपयोग होतो तो औषधाच्या मूळ बाटलीचा किंवा वेष्टनाचा. त्यावर घटकाचे नाव, प्रतिविष आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण छापलेला असतो. रुग्णाचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन त्याला दवाखान्यात न्यावे, आणि जितकी औषधे मिसळली असतील तितक्या सर्व बाटल्या सोबत न्याव्यात.