गाडी उभ्याउभ्या थरथरते? आधी मीटर लावा

आपल्यातल्या काही गटांकडे आता स्वतःची गाडी आहे, जुनी का होईना. आम्हीही सेकंडहँड पेट्रोल व्हॅन घेतली. डाळ, मसाला, पापड जालन्याच्या बाजारात पोचवायला ती फार कामाची. पण पावसाळ्यानंतर ती उभी असली की थरथरू लागली. रेस आपोआप चढायची, उतरायची. रात्री हेडलाइट लावले की जास्तच.

एका गॅरेजात प्लग बदलले, दुसऱ्यात कॉइल. फरक शून्य. मग कळलं की गाडीचा कॉम्प्युटर बदलावा लागेल. त्याच महिन्यात गटातल्या एका ताईंना मुलीच्या फीसाठी कर्ज हवं होतं. पेटीत पैसे एकाच कामापुरते. बैठकीत ठरलं, आधी तपासायचं, मग बदलायचं. ओळखीच्या वायरमन दादांना बोलावलं आणि मीटर कसा लावतात ते आम्हीही शिकून घेतलं.

सुरुवात बॅटरीपासून. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ आले तर ती जवळपास अर्धीच चार्ज आहे. गाडी चालू केली की आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्हायला हवा. तेवढा झाला नाही तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघायचा. आमच्याकडे १४.१ आले. म्हणजे दोष इथं नव्हता.

दुसरी तपासणी अर्थिंगची. गाडी चालू, हेडलाइट चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. इथं आकडा जवळजवळ शून्य हवा, ०.२ च्या वर नको. आमचा आला ०.७! दोष सापडला.

असं का होतं? वीज बॅटरीतून जाते तशी परतही यावी लागते. परतीची वाट म्हणजे इंजिनाची अर्थ वायर. तिच्या बोल्टवर गंज चढला की वाट अरुंद होते. दिवे लावले की त्या वाटेवरून जास्त वीज जाते, म्हणून तिथं जास्त व्होल्टेज वाया जातं. मग सेन्सरचे आकडे चुकतात. कॉम्प्युटर चुकीच्या आकड्यावर हवा आणि पेट्रोल कमीजास्त करतो आणि रेस झोके घेते. कॉम्प्युटर बिचारा बरोबर होता, त्याला मिळणारी माहिती चुकीची होती.

गाडी बंद करून आधी बॅटरीची मायनस वायर सोडली. मग अर्थचा बोल्ट खोलून पॉलिश पेपरनं घासला, घट्ट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. पुन्हा मोजलं तर ०.०५. गाडी शांत. खर्च पॉलिश पेपरचा. फीचं कर्ज त्याच आठवड्यात दिलं.

अर्थिंग ठीक असेल तर पुढे थ्रॉटल सेन्सर बघतात. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर हळूहळू दाबताना सिग्नल अर्ध्या-एक व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग चढतो. मध्येच उडी मारली तर सेन्सर खराब. पण सगळे दोष विजेचे नसतात. हवेचा पाइप चिरला किंवा थ्रॉटलमध्ये काजळी साचली तरी गाडी अशीच थरथरते.

काळजी मात्र घ्या. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा, पदर खोचा, वेणी बांधा, धातूच्या बांगड्या काढून ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जिवावर बेततो. प्लगच्या वायरला मीटर कधीच लावू नका, तिथं हजारो व्होल्ट असतात.

गॅरेजात गेलात तर भांडू नका. फक्त एवढंच विचारा, “दादा, मीटरवर आकडा किती आला?” आकडा ऐकल्याशिवाय पार्ट बदलू द्यायचा नाही, हा नियम आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलाय.