वापसा आणि रविवार

मृगाचा पाऊस पडून काळ्या रानाला वापसा आला, की पारोळ्याकडचा कापूस लावणारा शेतकरी वार बघत नाही. दोन दिवस हातचे गेले तर ओल गेली. तालुक्यात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण त्यातल्या एखाद्याला नेमक्या अशा रविवारी प्रश्न पडणारच: उपासनेला जायचं की रानात?

हा पेच सतराशे वर्षांपूर्वी एका रोमन सम्राटालाही दिसला होता. कॉन्स्टंटाइनने इ.स. 321 मध्ये रविवारच्या सुट्टीचं फर्मान काढलं. न्यायाधीशांनी, शहरातल्या लोकांनी, कारागिरांनी काम बंद ठेवावं. शेतकऱ्याला मात्र मोकळीक. कारण काय, तर पेरणीला आणि द्राक्षवेली लावायला पुष्कळदा याच्याइतका योग्य दिवस मिळत नाही, आणि देवाने दिलेली वेळ वाया जाऊ नये. वापसा त्यालाही कळत होता म्हणायचा!

पण खरं नवल त्याच्या आधीच्या काळाचं आहे. जवळपास तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हतीच. इ.स. 112 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या उत्तरेला प्लिनी नावाचा रोमन सुभेदार होता. हे लोक करतात तरी काय, हे काढून घेण्यासाठी त्याने ख्रिस्ती मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळही केला. पण सम्राट ट्रेजनला त्याने कळवलं ते ख्रिस्ती मार्ग सोडलेल्यांकडून कळलेलं: ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, शपथ घेतात आणि पांगतात, पुढे पुन्हा जमून साधं जेवण जेवतात. शपथ कसली? चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेव परत मागितली तर नाही म्हणणार नाही.

मला ठेवीच्या या कलमाने थक्क केलं. अंधारात, जिवावर उदार होऊन भरलेल्या उपासनेत बोलणं चाललंय ते शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या पैशांचं! ती उपासना पुरी झाली की नाही, हे कळणार ते दिवस उजाडल्यावर, बाजारात.

रोजचं वागणं हीच उपासना, या विचाराचं मूळ प्रेषित पौलाकडे जातं. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या करून पोट भरायचा. त्याच शहरातून, इ.स. 57 च्या आसपास, त्याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं असं मानतात. त्याच्या बाराव्या अध्यायात तो सांगतो की आपलं शरीरच जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या, हीच उपासना. ज्या काळात गावोगावच्या वेद्यांवर पशू कापले जात होते, त्या काळात हे विलक्षणच वाटलं असणार. वेदीवरचा पशू एकदाच मरतो आणि विषय संपतो. हा यज्ञ मात्र दुसऱ्या दिवशी उठून कामाला जातो, गिऱ्हाइकाशी बोलतो, घरच्यांवर चिडतोही.

आपल्याकडे रविवारची गोष्ट आणखी वेगळी. सत्यशोधक कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये. रविवार खंडोबाचा वार, हाही मागणीमागचा एक मुद्दा होता. म्हणजे मराठी ख्रिस्ती कामगाराला उपासनेसाठी मोकळा दिवस मिळवून दिला तो एका सत्यशोधकाने, आणि त्यात जेजुरीचाही वाटा! इतिहासाला असले विनोद छान जमतात.

रान आणि उपासना यांची उघड गाठ पडते ती सुगीच्या सणाला. महाराष्ट्रातल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत त्या दिवशी शेतातला पहिला माल वेदीपुढे येतो: कणसं, भाज्या, अंडी, क्वचित कोंबडीसुद्धा. उपकारस्तुती झाली की लिलाव. साध्या भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी वर चढते, हशा पिकतो, पैसा मंडळीच्या कामाला जातो. नवख्या माणसाला वाटेल, प्रार्थना मघाशीच संपली. मला तसं वाटत नाही.

आणि पेरणीमुळे ज्याला येता आलं नाही, त्याचं काय? इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रविवारच्या उपासनेचा क्रम लिहून ठेवला आहे: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, मग अनाथ, विधवा, आजारी आणि बंदिवान यांच्यासाठी वर्गणी. त्यातच एक व्यवस्था आहे. जे हजर नाहीत, त्यांचा भाकर-द्राक्षारसाचा वाटा सेवकांनी त्यांच्याकडे पोचवायचा.