नेम चुकतो तो कोणाचा?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण नेमबाजीच्या मैदानावर फार ऐकूं येते. गोळी लक्ष्याबाहेर गेली कीं नवशिका बंदुकीकडे बोट दाखवितो आणि उस्ताद नवशिक्याकडे. बहुधा उस्तादाचेंच खरें ठरतें. परंतु कधीं कधीं अंगण खरोखरच वांकडें असतें. अशा वेळीं मनुष्याला दोष दिला तर दुहेरी हानि होते. बंदूक तशीच बिघडलेली राहते, आणि चांगला नेमबाज आपल्या डोळ्यांवरचा व हातावरचा विश्वास गमावून बसतो. म्हणून हा निवाडा रागालोभानें न करतां क्रमाक्रमानें करावा लागतो.

या विषयाला ‘.३०३’ बोअरची ली-एन्फील्ड रायफल हें उत्तम उदाहरण होय. तिचा ‘मार्क ३’ हा नमुना १९०७ सालीं प्रचारांत आला. बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यांत अशा रायफली मोठ्या संख्येनें तयार झाल्या. दोन्ही महायुद्धांत त्या हिंदी सैनिकांच्या हातीं होत्या, आणि पुढें अनेक पोलीस दलांतही दीर्घकाळ राहिल्या. हातानें पुढें ढकललेला बोल्ट काडतूस कोठींत बसवितो व कोठीचें तोंड बंद करितो. नळीची लांबी सुमारें ६४ सेंटिमीटर असून तिच्या आंतील पांच पेचदार खांचा गोळीला गिरकी देतात. ‘मार्क ७’ काडतुसाची सुमारें ११ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला जवळजवळ ७४४ मीटर वेगानें बाहेर पडते. तेवढ्या क्षणांत सारी नळी छेडलेल्या तारेप्रमाणें थरथरते. ही थरथर प्रत्येक वेळीं एकसारखी होणें, यांतच अचूकपणाचें मर्म आहे.

परीक्षेचा आरंभ बंदुकीपासून नव्हे, तर लक्ष्याच्या कागदापासून करावा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच ठिकाणीं नेम धरून दहा गोळ्या झाडाव्या. तीन गोळ्या योगायोगानेंही जवळजवळ पडतात, त्यामुळें त्यांवरून काढलेलें अनुमान फसवें ठरतें. दहांचा पुंजका घट्ट, पण मध्यापासून दूर असेल, तर बंदूक निर्दोष आहे. साइट तेवढी जुळवावयाची आहे. दोन वेगवेगळे पुंजके पडले, तर कांहीं तरी सैल असून तें दोन जागांमध्यें हलत असलें पाहिजे. नळी तापत जाईल तसतशा गोळ्या एकाच दिशेला सरकूं लागल्या, तर नळी कोठें तरी लाकडाशीं अडत असावी, किंवा नळीच्या धातूंतच जुना ताण असावा. गोळीचें भोंक वाटोळें न पडतां लांबट पडलें, तर ती आडवी होत गेली, म्हणजेच तिला पुरेशी गिरकी मिळाली नाहीं. झिजलेली नळी हें त्याचें नेहमींचें कारण होय.

यानंतर कोठी व मॅगझिन रिकामें असल्याची खात्री करून रायफल हातीं घ्यावी, आणि सर्वांत सोपी कारणें आधीं पाहावीं. पहिली शंका साइटची व स्क्रूंची. दोन साइटींमधील अंतर अर्धा मीटर धरलें, तर त्यांपैकीं एक केवळ एक-दशांश मिलिमीटर हलल्यानें १०० मीटरवरील गोळी दोन सेंटिमीटर सरकते. डोळ्याला न दिसणारी ही ढिलाई नेमबाजाच्या माथीं किती वेळां मारली गेली असेल, याचा हिशेब कोणीच ठेविलेला नाहीं.

दुसरी शंका लाकडाची. ली-एन्फील्डची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडानें वेढलेली असते. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें, आणि नळीवरील त्याचा दाब बदलतो. शिवाय बार उडतांना बसणारा धक्का या लाकडाच्या मागील टोकाच्या दोन्ही बाजूंनीं सारखाच झेलला पाहिजे. एक बाजू दबली कीं रायफल दर बाराला निराळी हलते. ऑस्ट्रेलियांतील लिथगोच्या कारखान्यानें याच जागीं तांब्याचे तुकडे बसविले. इशापूरच्या रायफलींत लाकूड चिरूं नये म्हणून एक आडवा स्क्रू घातला गेला. आपल्या हवेनें शिकविलेला हा धडा आहे.

तिसरी शंका बोल्टाची. या रायफलींत बोल्टाला अडकवून ठेवणारे दांते त्याच्या मागील भागीं असल्यामुळें बार उडतांना बोल्ट किंचित् दबतो. काडतूस कोरडें असतां तें फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट धरतें व धक्क्याचा कांहीं भाग पेलतें. तें ओलें किंवा तेलकट असल्यास सारा जोर बोल्टावर येतो आणि गोळ्या वर जाऊं लागतात. येथें उपाय रेतीकानशीचा नसून कोरड्या फडक्याचा आहे!

चौथी शंका नळीच्या तोंडाची. गोळीचा नळीशीं अखेरचा स्पर्श तेथेंच होतो. नळी साफ करण्याची दोरी वर्षानुवर्षें एकाच कडेला घासली, तर ती कड झिजते आणि सुटत्या गोळीला एका अंगानें धक्का देते. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपींतील क्षारानेंही नळी गंजे. तो क्षार तेलांत विरघळत नाहीं, गरम पाण्यांत विरघळतो. म्हणून तेल लावणाऱ्या कष्टाळू शिपायाचीही नळी खराब होई.

शेवटीं काडतूस. याचें महत्त्व ५० मीटरच्या ‘.२२’ रायफलींत विशेष दिसतें. तेथें दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें याच अंतरावरील तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. तिच्या अंतिम फेरींत गुणांचा दशांशसुद्धां मोजला जातो. एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांतील काडतुसें एकाच रायफलींतून सारखीं जात नाहींत, म्हणून या दर्जाचे नेमबाज खेपा पारखून घेतात.

या साऱ्या तपासांत एक नियम मोडूं नये: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. साइट, काडतूस आणि स्क्रू एकदम बदलून गुण आला, तरी तो कशानें आला हें कळत नाहीं. दोष परतला म्हणजे पुन्हां सर्व आरंभापासून. झीज किंवा चीर आढळल्यास काम जाणत्या शस्त्रकारागिराकडेच सोंपवावें. आणि मनुष्याची परीक्षाही याच न्यायानें व्हावी. तीच रायफल दुसऱ्या कसलेल्या हातीं द्यावी, व पहिल्याच्या हातीं निर्दोष ठरलेली दुसरी द्यावी. दोष रायफलीबरोबर गेला तर तो रायफलीचा. मनुष्यापाशीं राहिला तर मनुष्याचा. ज्याचा दोष त्याच्या पदरीं पडला, म्हणजे अंगण सारखें करावयाचें कीं पाऊल सुधारावयाचें, हें ठरविणें सोपें जातें.