विश्लेषण : कुर्ल्यात जुळलेली जुनी डॉज-प्लिमथ आज पाळणे किती खर्चिक?

जुन्या वाड्याच्या मागे, ताडपत्रीखाली धूळ खात पडलेली भलीमोठी अमेरिकी मोटार अजूनही कुठे कुठे सापडते. मालक ती ‘चालू स्थितीत’ असल्याचे सांगतो, किंमतही आवाक्यातली वाटते आणि घेणाऱ्याची समजूत होते, की एकदा इंजिन खोलून बांधले की काम झाले. प्रत्यक्षात इंजिन हाच या गाड्यांचा सर्वात कमी त्रासाचा भाग. पैसा जातो तो दुसरीकडे. आणि काही गाड्यांना तर कितीही खर्च केला तरी ‘व्हिंटेज’ दर्जा मिळणे कठीण असते.

या गाड्या इथल्या कशा?

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारींची जुळणी होऊ लागली. पुढे फियाट आली आणि ‘प्रीमियर’ म्हटले की तीच डोळ्यांसमोर येऊ लागली. नावे तीन असली, तरी निर्यातीसाठीची डॉज किंग्जवे किंवा डिसोटो डिप्लोमॅट म्हणजे मुळात प्लिमथच. पुढची जाळी आणि बोधचिन्हे तेवढी निराळी. हा नुसता इतिहास नाही. बाहेरून सुटे भाग मागवताना ‘डॉज’ सांगितले तर चुकीचा भाग येऊ शकतो; त्या वर्षाच्या प्लिमथची यादी पाहावी लागते.

इंजिन खरेच भरवशाचे आहे?

हो. यात सहा सिलिंडरचे ‘फ्लॅटहेड’ इंजिन असते, म्हणजे व्हॉल्व वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच बसवलेले. 1950 च्या आसपासच्या प्लिमथमध्ये ते 3.6 लिटरचे, 97 अश्वशक्तीचे होते. कॉम्प्रेशन कमी असल्याने साधे पेट्रोल चालते. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठका मूळचीच कठीण धातूच्या असल्याने शिसेविरहित पेट्रोलाचाही धसका नाही. मोटारींतून हे इंजिन 1960 च्या सुमारास गेले, तरी अमेरिकेत ट्रक आणि फोर्कलिफ्टमध्ये ते पुढेही वापरात राहिले. त्यामुळे पिस्टन रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आजही मागवता येतात.

फक्त गॅस्केट मागवण्याआधी हेडवर टेप लावावी. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ-डॉज इंजिनाचे हेड साधारण 23 इंच लांब, कॅनडात बनलेल्याचे 25 इंच. बाहेरून दोन्ही इंजिने सारखीच दिसतात आणि निर्यातीच्या गाड्यांत दोन्ही आढळतात. हा दोन इंचांचा फरक पार्सल उघडल्यावर कळला, तर विमानभाडे आणि सीमाशुल्क दोन्ही पाण्यात.

मग गाडी तापते का?

बहुतेक मालकांची पहिली तक्रार हीच असते आणि बहुतेक मेकॅनिक पहिला हात रेडिएटरला घालतात. रेडिएटर साफ होतो, थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, तरी सिग्नलला दहा मिनिटे उभे राहिले की काटा चढतोच. खरा दोषी अनेकदा ब्लॉकच्या पोटात असतो. वॉटर पंपामागून एक लांब, चपटी पत्र्याची नळी ब्लॉकच्या टोकापर्यंत जाते. तिला ठरावीक ठिकाणी भोके असतात. त्यांतून थंड पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्वभोवती पोहोचते. ही नळी गंजून सडली, की पाणी पुढच्या दोन सिलिंडरांपाशीच फिरते आणि मागचे तापत राहतात.  शेवटी मागचे व्हॉल्व जळतात.

नवी नळी महाग नसते. महाग पडते ती जुनी काढणे. रेडिएटर आणि पंप उतरवावे लागतात आणि सडलेली नळी आकड्याने तुकड्या-तुकड्याने ओढावी लागते. कधी तासाभरात निघते, कधी तीन दिवस जातात. त्याच वेळी ब्लॉकच्या बाजूचे प्लग काढून मागच्या भागात साठलेला गाळ काढला नाही, तर नव्या नळीचाही उपयोग नाही.

ब्रेक आणि वीज यांचे काय?

ब्रेकची यंत्रणा एकाच वाहिनीची आहे. चारपैकी एका चाकाशी तेल गळले तरी पेडल थेट तळाला जाते. हातब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्समागे फिरत्या शाफ्टवर आहे. मागचे ड्रम निमुळत्या ॲक्सलवर घट्ट बसलेले असतात. ते काढायला जाडजूड पुलर लागतो; हातोड्याने ठोकून ड्रम आणि ॲक्सल दोन्हींची नासाडी झालेल्या गाड्या पुष्कळ. पुलर लावतानाही टोकाचा नट सैल करून तसाच ठेवावा, नाहीतर सुटलेला ड्रम अंगावर येतो. आणखी एक खोड : डाव्या बाजूच्या चाकांच्या आट्या उलट्या असतात. पंक्चरवाल्याला आधी सांगितले नाही, तर तो जोर लावून बोल्ट तोडणार.

1955 पर्यंतच्या गाड्यांत वीज 6 व्होल्टची, तीही बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली. आजच्या मोटारीची बारीक केबल घातली तर गरम इंजिन सुरू होताना स्टार्टर कण्हतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला मिळतो. जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग एवढ्यानेच बरेचदा भागते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल मात्र जुन्या रबराला खाते. पेट्रोलपंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्याच पाहिजेत. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीही तपासत राहावी.

सर्वाधिक पैसा कुठे जातो?

पत्र्यात आणि क्रोममध्ये. कोकण-मुंबईच्या हवेत दारांचे तळ, फूटबोर्डखालचा भाग आणि डिकीचा तळ आतून सडतो. वरून पुट्टी आणि रंग चकाचक. गाडी बघायला जाताना खिशात छोटे चुंबक ठेवावे. जाड पुट्टीवर ते धरत नाही. बम्परसारख्या पोलादी भागांवर पुन्हा क्रोम चढवता येते. पण दारांच्या मुठी आणि बोधचिन्हे जस्ताच्या ओतीव धातूची असतात. त्यांना खड्डे पडले की ते भरून काढणे हे बारीक आणि महागडे काम. पत्र्याचे काम करणारा चांगला कारागीर दिवसावर मजुरी घेतो आणि दिवस किती लागतील हे पत्रा कापल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. त्यामुळे स्वस्तात मिळालेली सडकी गाडी शेवटी महागच पडते.

पेट्रोलाचा हिशेब त्यापुढे किरकोळ वाटावा. लिटरला 6 किलोमीटर आणि लिटरचा भाव 100 रुपये धरला, तर किलोमीटरला साधारण 17 रुपये.

नोंदणीचा नियम कुठे अडवतो?

केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये, फेरनोंदणीचे 5 हजार, मुदत 10 वर्षे. जुनी नोंदणी असलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. नवी नोंदणी ‘व्हीए’ मालिकेत होते. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन खर्च काढू, हा बेत या नोंदणीत बसत नाही. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात मात्र व्हिंटेज म्हणून नोंद असलेल्या खासगी मोटारीला 2022 च्या दरांनुसार 50 टक्के सवलत आहे.

मेख आहे ती दुसऱ्या अटीत. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आपल्याकडे नेमके तेच झाले आहे. पेट्रोल परवडेना म्हणून अशा कितीतरी गाड्यांची मूळ इंजिने भंगारात गेली आणि त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसली. मूळ ब्लॉकवर, डाव्या बाजूस पुढे जनरेटरच्या वर क्रमांक कोरलेला असतो. प्लिमथचा ‘पी’ने, डॉजचा ‘डी’ने सुरू होणारा, आणि ‘टी’ असेल तर ते इंजिन ट्रकचे. विसार देण्याआधी तो क्रमांक आरसी बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि त्याच पानावरचा ‘इंधन’ हा रकानाही वाचावा.