नेमाच्या दोन रेषा

एखाद्या कंपनीमागे तपासयंत्रणा लागल्या किंवा एखाद्या मंत्र्याला विरोधकांनी घेरायचं ठरवलं, की इंग्रजी बातम्यांत एक वाक्प्रचार हमखास येतो : तो आता अमक्याच्या 'क्रॉसहेअर्स'मध्ये आहे. क्रॉसहेअर्स म्हणजे दुर्बिणीतून पाहताना दिसणाऱ्या, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन बारीक रेषा. बंदुकीवरच्या दुर्बिणीत त्या जिथे छेदतात, तिथेच गोळी लागेल अशी जुळणी केलेली असते. वाक्प्रचाराचा अर्थ त्यातूनच निघतो. कुणीतरी दुरून, ठरवून, नेमकं तुम्हालाच हेरलं आहे. वार अजून झालेला नाही, पण केव्हाही होऊ शकतो.

या रेषा मुळात आल्या त्या मात्र आकाश मोजण्याच्या कामातून. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा विल्यम गॅसकॉइन हा तरुण दोन बहिर्वक्र भिंगं घेऊन सूर्यावर प्रयोग करत होता. दुर्बिणीच्या उघड्या राहिलेल्या नळीत कोळ्याने धागा ओढला होता आणि सूर्याच्या प्रतिमेबरोबर तो धागाही त्याला लख्ख दिसला.

हे घडलं ते दुर्बिणीच्या रचनेमुळे. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्वक्र असतं आणि नळीच्या आत प्रतिमा तयारच होत नाही. केप्लरने सुचवलेल्या दोन बहिर्वक्र भिंगांच्या दुर्बिणीत ती होते. कोळ्याचा धागा नेमका त्या प्रतिमेच्या जागीच होता, त्यामुळे कोट्यवधी किलोमीटरवरचा सूर्य आणि हाताजवळचा धागा डोळ्याला एकदमच स्पष्ट दिसले. नुसत्या डोळ्यांनी नेम धरताना नळीवरची खाच, पुढचं टोक आणि लांबचं लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी एका ओळीत आणाव्या लागतात आणि त्यातली एखादी अंधूकच राहते. या धाग्याने ती अडचण संपवली.

गॅसकॉइनने पुढे अतिसूक्ष्म कोन मोजणारा मायक्रोमीटर बनवला, पण १६४४ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना तो ऐन तिशीत मारला गेला. त्याचं काम जगापुढे आलं ते दोन दशकांनंतर. फ्रान्समध्ये खगोलशास्त्रज्ञ झाँ पिकारने दुर्बीण आणि तिच्यातले धागे वापरून १६६९–७० मध्ये रेखावृत्ताचा एक अंश मोजला आणि पृथ्वीच्या आकाराचा तोवरचा सर्वांत भरवशाचा आकडा हाती आला. पुढे खगोलशास्त्रज्ञांच्या आणि भूमापकांच्या उपकरणांत कोळ्याचा धागा दीर्घकाळ मानाने नांदला. तो बारीक, एकसारखा आणि चिवट असतो.

हीच युक्ती एकोणिसाव्या शतकात बंदुकीवर चढली. त्या बदलातलं एक महत्त्वाचं नाव आपल्या मुंबई इलाख्याशी जोडलेलं आहे. तिथल्या फौजेत नोकरी केलेल्या डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने रायफलीच्या कडेला बसणारी दुर्बीण तयार केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती व्हिटवर्थ रायफलींवर वापरली. दुसऱ्या महायुद्धातही कॅलिफोर्नियाच्या नॅन साँगर कोळी पाळून अशा उपकरणांसाठी धागा पुरवत होत्या. नंतर काचेवर कोरलेल्या रेषा सर्रास झाल्या.

कुणी असं हेरलं गेलं, की आपल्या बातम्यांत 'रडारवर' हा शब्द येतो. पण रडार टप्प्यात येईल ते सगळंच टिपतं, क्रॉसहेअर्समध्ये मात्र निवडलेला एकच सापडतो. म्हणून हा वाक्प्रचार अधिक धारदार आहे, आणि अधिक जपून वापरण्याचा आहे.

अमेरिकेत २०१० साली रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांच्या राजकीय समितीने प्रतिस्पर्ध्यांचे वीस मतदारसंघ नकाशावर क्रॉसहेअर्सच्याच खुणांनी दाखवले. त्यांपैकी एका मतदारसंघाच्या प्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांनी अशा चित्रांचे परिणाम होतात, असं तेव्हाच बोलून दाखवलं होतं. ८ जानेवारी २०११ रोजी टूसॉनमध्ये मतदारांना भेटत असताना त्यांच्या डोक्यात गोळी झाडली गेली. त्या वाचल्या, पण सहाजण मृत्युमुखी पडले. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. मारेकऱ्याने तो नकाशा पाहिल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात तसा संबंध जोडला आणि त्यांना दुरुस्ती छापावी लागली.

तेव्हा त्या हल्ल्याचा दोष नकाशाला देता येत नाही. तरीही गिफर्ड्स यांची काळजी रास्त होती, असं मला ठामपणे वाटतं. लोकशाहीत टीका कठोरच हवी. पण ती निर्णयावर, मतावर, कारभारावर व्हावी. बंदुकीच्या भाषेत बोलू लागलो की निर्णय बाजूला राहतो आणि समोर उरतो तो एक माणूस. रोज शेकडो मथळे रचणाऱ्यांनी आणि ते पुढे पाठवणाऱ्या आपण सर्वांनी 'निशाण्यावर' हा शब्द लिहिण्याआधी एवढा विचार करायलाच हवा.