एका पानावरच्या फिकट वलयांमुळे हजारो झाडं का तोडावी लागली?

पीच, प्लम, जर्दाळू ही आत टणक कोय असलेली फळं. त्यांचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे 'प्लम पॉक्स' विषाणू. माणसाला त्याचा काहीही धोका नाही, पण झाडाला लागला की फळावर वलयं उठतात, चव बिघडते आणि अनेकदा फळं पिकण्याआधीच गळतात. या रोगावर औषध नाही.

हा रोग पहिल्यांदा बल्गेरियात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसला. 1999 मध्ये तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सापडला आणि तिथे बागांची झाडाझडती सुरू झाली.

नुसतं बघून का कळत नाही?

कारण लागण झालेलं झाड काही वर्षं अगदी ठणठणीत दिसू शकतं. शिवाय विषाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत असतो, शेजारच्या फांदीत नसतो. म्हणून झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंची पानं तोडून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे 'एलायझा' चाचणी होते. एचआयव्हीच्या तपासणीत वापरतात, तेच हे तंत्र. कडक उन्हाळ्यात पानांतला विषाणू कमी होतो, त्यामुळे नमुने कधी घेतले यालाही महत्त्व असतं.

फवारणी करून भागत नाही का?

नाही. मावा किडा रोगट पानात सोंड खुपसतो आणि काही क्षणांत विषाणू उचलतो. औषधाने तो मरेपर्यंत पुढच्या झाडाला लागण होऊन गेलेली असते. दूरवर मात्र हा रोग माणूसच नेतो, रोगट कलमांतून. म्हणूनच रोपवाटिकांची तपासणी सगळ्यात महत्त्वाची.

मग उपाय काय?

शोधा आणि तोडा. पेनसिल्व्हेनियात सुमारे 1,600 एकरांवरच्या बागा नष्ट केल्या गेल्या, शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. 2009 मध्ये ते राज्य रोगमुक्त जाहीर झालं आणि 2019 मध्ये संपूर्ण अमेरिका. कॅनडात हा रोग 2000 मध्ये सापडला. तिथेही झाडं तोडली, पण 2011 मध्ये समूळ नायनाटाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला.

आपल्याला काय त्याचं?

आपल्याकडे पपईच्या बागा उद्ध्वस्त करणारा 'रिंग स्पॉट' विषाणू याच कुळातला. तोही माव्यामुळेच पसरतो. धडाही तोच: रोग दिसेपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असतो.