हौसेला मोल असते!

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. म्हणणारा बहुधा दुसऱ्याच्या हौसेबद्दल बोलत असतो. ज्याची हौस, त्याला तिचे मोल पै-पैचा हिशेब लावून ठाऊक असते आणि त्याच्या घरच्यांना तर त्याहूनही अधिक. हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे एक विलक्षण खेळ. त्यात दरवर्षी हजारो नोकरदार, व्यावसायिक, पोराबाळांची माणसे उतरतात. त्यांतल्या बहुतेकांना बक्षीस मिळत नाही, पैसा मिळत नाही, आणि वर्तमानपत्रात नाव येण्याचा तर प्रश्नच नाही. तरीही वर्षातले आठ-दहा महिने ते या खेळाभोवती आखतात.

खेळाचे नाव आहे ‘ऑफ-रोड ट्रायथलॉन’. आपण तिला आडवाटेची ट्रायथलॉन म्हणू. प्रथम तळ्यात, नदीत किंवा समुद्रात सुमारे दीड किलोमीटर पोहायचे. ओल्या अंगानेच बाहेर येऊन सायकलवर टांग मारायची आणि तीसेक किलोमीटर डोंगरातून चालवायची. वाटेत डांबर जवळजवळ नाहीच. दगडगोटे, झाडांची वर आलेली मुळे, ओढे, घसरडे उतार आणि छाती फुटावी असे चढ. सायकल ठेवली की बूट बांधून तशाच वाटांवर दहा किलोमीटर पळायचे. मधे विश्रांती नाही. सायकल पंक्चर झाली तर जवळच्या सामानाने आपली आपण दुरुस्त करायची.

साधी, म्हणजे रस्त्यावरची ट्रायथलॉन १९७४ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथे सुरू झाली. तिचा थोरला भाऊ ‘आयर्नमॅन’ १९७८ मध्ये हवाईत जन्मला. त्या पहिल्या शर्यतीला उभे राहिले अवघे पंधरा जण आणि पूर्ण केली बारांनी. आडवाटेचा प्रकार मात्र बराच धाकटा. १९९६ मध्ये हवाईच्याच माऊई बेटावर ‘ॲक्वाटेरा’ नावाने पहिली शर्यत झाली आणि पुढे तिचे नाव ‘एक्स्टेरा’ झाले. ती जिंकली पुरुषांत अमेरिकेच्या जिमी रिचिटेलोने आणि स्त्रियांत ऑस्ट्रेलियाच्या मिशेली जोन्सने. या जोन्सबाईंनी पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचे रौप्यपदक मिळवले.

त्याच १९९६ च्या उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिकमध्ये माऊंटन बाइकची शर्यत प्रथमच खेळली गेली. खरे तर ही सायकल हौशी लोकांनीच घडवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथले काही तरुण १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावर नेत आणि वरून सुसाट खाली येत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी रीतसर शर्यत लावली. दोनेक मैलांत तेराशे फूट उतरणारी कच्ची वाट! त्या सायकलींना पेडल उलटे फिरवल्यावर लागणारा ब्रेक असे. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधले ग्रीस तापून त्याचा धूर होई, आणि प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत ‘रीपॅक’ करावे लागे, म्हणून शर्यतीचेच नाव पडले ‘रीपॅक’. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या टोळक्यातली नावे. पुढच्याच वर्षी ब्रीझने खास या कामासाठी नवी सायकल बांधली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टवाळ म्हणून ज्यांच्याकडे लोकांनी काणाडोळा केला असेल, त्यांच्या उद्योगातून वीस वर्षांत ऑलिंपिकचा खेळ निघाला.

आता आपल्या हौशी गड्याकडे येऊ. समजा, तो अमेरिकेतल्या मध्यम शहरात नोकरी करणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे. त्याचा हंगाम शर्यतीच्या दिवशी सुरू होत नाही. जानेवारीत बाहेर बर्फ असताना घराच्या तळघरात, एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर भिंतीकडे पाहत तास-तास पाय मारण्यापासून तो सुरू होतो. पहाटे साडेपाचला पोहण्याचा तलाव. डोंगरातून सायकल हाकणारे बहुतेक गडी पाण्यात कच्चे असतात. खरे तर सगळ्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ सायकलवर जातो, तरी धास्ती असते ती त्या दीड किलोमीटर पाण्याचीच. मार्च-एप्रिलमध्ये वाटा जरा वाळल्या की गावातल्या छोट्या माऊंटन बाइक शर्यती. अमेरिकेत या शर्यतींत बरीच वर्षे ‘बिगिनर’, ‘स्पोर्ट’, ‘एक्स्पर्ट’ अशा पायऱ्या होत्या. वरच्या पायरीला पोचण्याइतके पाय असूनही खालच्या गटात राहून ढाल्या पटकावणारे महाभाग तिथेही असत. आपल्या गल्लीतल्या टेनिस-बॉल क्रिकेटमध्ये जिल्हा संघातला बोलर ‘पाहुणा’ म्हणून यायचा, तशातलीच गत.

मग मोठ्या शर्यती. अनेक वर्षे एक्स्टेराचा अमेरिकी हंगाम मे महिन्यात अलाबामातल्या पेलहॅमच्या जंगलात, जूनमध्ये व्हर्जिनियाच्या रिचमंडला, जुलैत कोलोरॅडोच्या बीव्हर क्रीकला, सप्टेंबरात युटातल्या ऑग्डेनला आणि ऑक्टोबरात माऊईला, असा फिरत असे. प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. रिचमंडला भर शहरातून वाहणाऱ्या जेम्स नदीत पोहायचे. बीव्हर क्रीकला ज्या तळ्यात उडी मारायची ते समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून दोन हजार फूट अधिक उंचीवर. एवढ्या विरळ हवेत पोहून झाल्यावर सायकल आणखी वर चढवायची! ऑग्डेनला जलाशयातून निघालेली वाट स्नोबेसिनपर्यंत चढते. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधले बर्फावरचे वेगवान उतार तिथलेच. माऊईला जुन्या मार्गावर लाव्हाचे धारदार दगड आणि ‘कियावे’ नावाच्या बाभळीसारख्या झाडाचे काटे. तिथे फुटलेल्या टायरचे दुःख जुने गडी अजून विसरलेले नाहीत. जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतल्या मोल्वेनोला हलली, पण ‘माऊई’ हा शब्द या मंडळींत अजूनही पंढरीसारखा उच्चारला जातो.

या खेळात घड्याळाला फारशी किंमत नाही, ही मला त्यातली सर्वांत गंमतीची गोष्ट वाटते. रस्त्यावर पळणारा हौशी आयुष्यभर एका आकड्यामागे असतो. मॅरेथॉन चार तासांच्या आत कधी येईल? गेल्या वर्षीपेक्षा तीन मिनिटे कमी झाली का? मुंबईत पळा की बर्लिनमध्ये, ४२.१९५ किलोमीटर सारखेच. आडवाटेवर असे काही नाही. पेलहॅमची वेळ ऑग्डेनच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही. त्याच वाटेवर रात्री पाऊस पडला की सकाळी चिखल टायरला आणि चेनला असा लगडतो की सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. मग गेल्या वर्षीची वेळ आणि यंदाची वेळ यांचा संबंधच उरत नाही. कमाई मोजायची कशी? मोजायची ती आजूबाजूच्या माणसांवरून. म्हणून इथे वयोगटाला एवढे महत्त्व. पाच-पाच वर्षांचे गट असतात. आपल्या गटात वरचा क्रमांक आला तर जागतिक स्पर्धेचे दार उघडते. एकूण निकालात दोनशेसाठावा आलेला गृहस्थ आपल्या गटात चौथा असू शकतो, आणि तिसऱ्याचे नाव, गाव, त्याचे पोहणे कच्चे आहे की उतरण कच्ची, हे सारे त्याला पाठ असते.

दुसरी गोष्टही तितकीच अपूर्व आहे. व्यावसायिक आणि हौशी एकाच दिवशी, एकाच वाटेवर धावतात. वानखेडेवर सचिन खेळून गेला की त्याच खेळपट्टीवर, त्याच गोलंदाजांसमोर आपण बॅट घेऊन उभे राहू शकलो असतो का? इथे राहता येते. जगज्जेता जिथे घसरला त्याच मुळावर अर्ध्या-एक तासाने आपणही घसरायचे! नेड ओव्हरेंडची गोष्ट या लोकांना म्हणूनच प्रिय आहे. कोलोरॅडोत डुरँगो येथे १९९० मध्ये माऊंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. ती याने जिंकली तेव्हा वय होते ३५. आता गडी थकला, असे कोणालाही वाटले असते. १९९८ मध्ये त्याने माऊईची ट्रायथलॉन जिंकली, ४३ व्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. तो व्यावसायिक होता हे खरे, पण चाळिशी ओलांडलेल्या किती हौशींनी तेव्हा आपली सायकल माळ्यावरून खाली काढली असेल!

मोलाची गोष्ट निघाली आहे तर शरीराचे मोल आधी सांगायला हवे. माऊंटन बाइकवर पडणे हा अपघात नसून दिनक्रमाचा भाग आहे. खरचटणे रोजचे, कॉलरबोन मोडणे हेही नवलाचे नाही. शिकवणारे पहिला धडा देतात तो असा, की नजर जिकडे तिकडेच चाक जाते. झाडाकडे पाहाल तर झाडावर आदळाल, दोन झाडांमधल्या फटीकडे पाहा. जिवाचा मोठा धोका मात्र डोंगरात नाही, पाण्यात आहे. १९८५ ते २०१६ या काळात अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींत झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग, अशा १३५ घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९० घटना पोहताना घडल्या होत्या. सरासरी वय ४७ च्या आसपास आणि शंभरात पंच्याऐंशी पुरुष. एकूण प्रमाण लाखामागे पावणेदोनच्या जवळपास, म्हणजे कमीच. पण साठीपुढच्या पुरुषांत ते लाखामागे अठरांच्या वर गेलेले दिसले. चाळिशीनंतर अंगात शर्यत संचारलेल्या गृहस्थाने नव्या टायरच्या आधी डॉक्टरांकडे खर्च करावा, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

दुसरे मोल घर मोजते. रोजचा तास-दीड तास आणि शनिवार-रविवारचे चार-पाच तास येतात कुठून? झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून. अमेरिकेत अशा खेळाडूंच्या बायकांना थट्टेने ‘ट्रायथलॉन विडो’ म्हणतात. आपल्या कानाला तो शब्द खुपतो, पण त्यातली तक्रार कोणत्याही देशातल्या गृहिणीला कळेल. मुलीचे स्नेहसंमेलन आणि शर्यत एकाच रविवारी आली की खरी शर्यत स्वयंपाकघरात सुरू होते. बाई शर्यतीत उतरणारी असेल तर हिशेब आणखी अवघड. तिच्यासाठी अंतर तेवढेच, डोंगर तोच. पण रविवारी सकाळी पाच तास घराबाहेर राहण्याची मुभा तिला नवऱ्याइतकी सहज मिळते का? ज्या घरांतून हे वर्षानुवर्षे निभते तिथे बहुधा कॅलेंडर भिंतीवर टांगलेले असते आणि जानेवारीतच त्यावर दोन रंगांत खुणा होतात. या मोसमातल्या तीन शर्यती तुझ्या, दोन माझ्या. शाळेच्या तारखा कोणाच्याच नाहीत.

एवढे सारे देऊन मिळते काय? कोलोरॅडोत लेडव्हिल नावाचे गाव आहे. दहा हजार फुटांहून उंच, खाणकामगारांचे गाव. १९८२ मध्ये तिथली क्लायमॅक्स खाण बंद पडली आणि हजारो लोक बेकार झाले. केन क्लाउबर या खाणकामगाराने, बाहेरची माणसे गावात येऊन दोन पैसे खर्च करतील म्हणून, १९८३ मध्ये शंभर मैलांची पळण्याची शर्यत सुरू केली. १९९४ पासून तिला शंभर मैलांच्या माऊंटन बाइक शर्यतीची जोड मिळाली. त्या वाटेवर बारा हजार फुटांच्याही वर जाऊन परत फिरायचे असते. बारा तासांच्या आत जो परत येईल त्याला मिळते कमरेच्या पट्ट्याचे एक बक्कल. हे एवढे बक्कल, पण त्यासाठी इतके अर्ज येतात की सोडत काढून प्रवेश द्यावा लागतो. बारा तासांपेक्षा दोन मिनिटे उशिरा आलेल्याला ते मिळत नाही. पुढल्या सोडतीत तो पुन्हा नाव घालतो.

आपल्याकडे ही हवा मुख्यतः रस्त्यावरच्या खेळात आली. मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि बोरघाटातला ‘घाटाचा राजा’ हा किताब जुन्या वाचकांना आठवत असेल. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. त्याच वर्षी मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची आयर्नमॅन पुरी केली. दोन्ही घटनांनंतर गावोगावच्या सायकलवाल्यांच्या पहाटेच्या टोळ्या वाढल्या. पण ट्रक आणि बसगाड्यांच्या कडेने पहाटेच्या अंधारात सायकल हाकणाऱ्या या टोळ्या पाहिल्या की वाटते, सह्याद्रीचा एवढा पसारा दाराशी असताना आपण डांबरालाच का चिकटून बसलो आहोत? डोंगरात घसरले तर गुडघा फुटेल. हायवेवर तेवढ्यावर निभावेलच असे नाही. अर्थात इथल्या वाटा गुराख्यांच्या, गावकऱ्यांच्या आहेत. त्यांना विचारून, पावसाळ्यात वाटा उखडणार नाहीत हे पाहून जावे लागेल. हिमाचलमध्ये २००५ पासून डोंगरी सायकलींच्या शर्यती होत आल्या, तर आपल्याला ते जमू नये असे काही नाही.

ऑक्टोबर सरला की हंगाम संपतो. सायकल धुऊन भिंतीला टांगली जाते, दोन-तीन आठवडे घरात शांतता नांदते, गृहस्थ रविवारी घरी जेवतो. मग नियमांतली एक बारीक ओळ त्याला आठवते. या खेळात वय मोजतात ते ३१ डिसेंबरचे, आणि तेच साऱ्या वर्षाला लागू होते. त्यामुळे येत्या वर्षअखेर ज्याची पन्नाशी भरणार, तो एकोणपन्नाशीचा असतानाच, जानेवारीपासून पन्नास ते चोपन्नच्या गटात जातो, आणि तोही गटातला सर्वांत तरुण म्हणून. गेली चार वर्षे पंचेचाळिशीची पोरे त्याला चढावर मागे टाकत होती. आता ती मागे राहिली आणि पुढे चोपन्नचे म्हातारे! पन्नाशी लागणार म्हणून एरवी कोण खूश होते? हा गृहस्थ मात्र स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी उभा राहून पुढच्या मे महिन्याची तारीख शोधतो आहे, आणि मुलीची परीक्षा कधी संपते ते बायकोला विचारतो आहे.